मतदार आणि मध्यस्थ

इसवी सन १८६२ च्या आरंभीं कलकत्त्यास व्हाइसरॉयच्या कायदेकौन्सिलांत तीन हिंदी गृहस्थ प्रथमच सभासद म्हणून बसले. पतियाळाचे महाराज नरेंद्रसिंग, बनारसचे देवनारायण सिंह आणि ग्वाल्हेर संस्थानचे माजी दिवाण दिनकरराव राजवाडे हे ते तिघे होत. यांपैकीं दिनकरराव मूळचे कोंकणांतील देवरुखचे. राज्यकारभारांत मुरलेले आणि मोठ्या लौकिकाचे गृहस्थ. तथापि त्यांस कौन्सिलांत कोणीं पाठविलें असा प्रश्न कोणी केला असता, तर त्याचें उत्तर एकच होतें : व्हाइसरॉयसाहेबांनीं. १८६१ च्या कायद्यानें कायदे करण्यापुरते सहा ते बारा जादा सभासद नेमण्याचा अधिकार व्हाइसरॉयांस दिला होता, आणि त्यांतील निदान निम्मे बिनसरकारी असावेत एवढीच अट घातली होती. निवडणूक हा शब्द त्या व्यवस्थेंत कोठेंहि नव्हता.

बरोबर नव्वद वर्षांनीं, १९५२ च्या आरंभीं, त्याच देशांत लोकसभेच्या ४८९ जागांसाठीं मतदान चालू होतें आणि मतदारांच्या याद्यांत १७ कोटींहून अधिक नांवें होतीं. या दोन प्रसंगांमधील अंतर केवळ संख्येचें आहे असें सामान्यतः समजलें जातें. मताधिकार आधीं थोड्यांस, मग अधिकांस व शेवटीं सर्वांस मिळाला, अशी ती सरळ हकीकत सांगण्यांत येते. वस्तुतः या हकीकतींत दोन निरनिराळे प्रश्न गुंतलेले आहेत. मत किती लोकांस असावें हा एक. आणि दिलेलें मत प्रतिनिधीपर्यंत थेट पोंचावें, कीं मध्यें कोणी मध्यस्थ असावा, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाची चर्चा पुष्कळ झाली आहे. दुसरा मात्र मागें पडला आहे. तरी मतदाराच्या हातीं खरी सत्ता येणें न येणें पुष्कळ अंशीं या दुसऱ्या प्रश्नावरच अवलंबून होतें.

राष्ट्रीय सभेच्या मागणीनंतर १८९२ चा कायदा झाला. त्यानें कौन्सिलें कांहींशीं मोठीं केलीं, सभासदांस अंदाजपत्रकावर बोलण्याचा व प्रश्न विचारण्याचा हक्क दिला. पण निवडणूक हा शब्द उच्चारण्याचें मात्र याहि कायद्यानें टाळलें. म्युनिसिपालिट्या, लोकल बोर्डें, विद्यापीठें व व्यापारी मंडळ्या यांनीं नांवें सुचवावींत आणि सरकारनें त्यांची नेमणूक करावी, अशी ही आडवळणाची रीत होती. याच रीतीनें १८९५ त लोकमान्य टिळक आणि १८९९ त गोपाळ कृष्ण गोखले मध्य भागांतील लोकल बोर्डांच्या मतांनीं मुंबईच्या कौन्सिलांत गेले. मुंबई कौन्सिलांतील बिनसरकारी सभासदांनीं आपल्यांतील एक मनुष्य व्हाइसरॉयच्या कौन्सिलासाठीं सुचवावयाचा असे. आधीं फिरोजशहा मेहता आणि १९०१ च्या अखेरीस त्यांच्या जागीं गोखले या मार्गानें कलकत्त्यास गेले. माणसें थोर होतीं यांत शंका नाहीं. पण त्यांस निवडणारे लोक एका दिवाणखान्यांत मावतील इतकेच होते.

१९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनीं निवडणूक हा शब्द उघडपणें मान्य केला. व्हाइसरॉयच्या कौन्सिलांतील जादा सभासदांची संख्या साठपर्यंत वाढली आणि त्यांतील २७ जण निवडून येऊं लागले. यांपैकीं जमीनदार, मुसलमान व व्यापारी मंडळ्या यांचे मतदारसंघ वेगळे होते. सर्वसाधारण जनतेच्या नांवाच्या ज्या जागा उरल्या, त्या बहुतांशीं प्रांतिक कौन्सिलांतील बिनसरकारी सभासद भरीत. येथें मतदाराची वाट कशी होती हें पाहण्यासारखें आहे. गांवांतील करदाता म्युनिसिपालिटीच्या किंवा लोकल बोर्डाच्या सभासदास मत देई. ते सभासद प्रांतिक कौन्सिलाचा सभासद निवडीत. प्रांतिक कौन्सिलांतील बिनसरकारी सभासद मग व्हाइसरॉयच्या कौन्सिलांत जाणारा प्रतिनिधि ठरवीत. अशा जिन्याच्या तळाशीं उभ्या असलेल्या माणसास वर कोण बसला आहे याचा पत्ता नसे, आणि वर बसलेल्यास तळाच्या माणसास उत्तर देण्याचें कारण नसे.

याचा परिणाम काय होई हें गोखल्यांच्या एका प्रयत्नावरून स्पष्ट दिसतें. १९११ च्या मार्चमध्यें त्यांनीं प्राथमिक शिक्षण क्रमाक्रमानें सक्तीचें करण्याचें बिल मांडलें. त्याच्यापुढें देशभर चर्चा झाली, सभा झाल्या. पुढल्या वर्षीं १९१२ च्या मार्चमध्यें मतें मोजलीं गेलीं तेव्हां बिलाच्या बाजूस १३ आणि विरुद्ध ३८ मतें पडलीं. सरकारी सभासदांचें बहुमत कायद्यानेंच राखलेलें होतें, म्हणून हा निकाल अनपेक्षित नव्हता. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट दुसरीच आहे. ज्या शेतकऱ्याच्या व कारागिराच्या मुलांसाठीं तें बिल होतें, त्या शेतकऱ्यास व कारागिरास त्याविरुद्ध मत देणाऱ्या एकाहि सभासदास जाब विचारण्याचें साधन नव्हतें. सरकारी सभासदांस त्यानें निवडलें नव्हतें. आणि बिनसरकारी सभासदांपर्यंत त्याचा हात पोंचत नव्हता.

हा दोष खुद्द राज्यकर्त्यांच्याहि ध्यानीं आला. १९१८ च्या मांटेग्यू-चेम्सफर्ड अहवालानें कबूल केलें कीं, व्हाइसरॉयच्या कौन्सिलांत प्रत्यक्ष सभासद पाठविणारा सर्वांत मोठा मतदारसंघ ६५० माणसांपलीकडे जात नाहीं. आणि मूळचा मतदार व कौन्सिलांत त्याच्या नांवानें बसणारा सभासद यांचा परस्परांशीं कांहींएक संबंध उरलेला नाहीं. रोगाचें निदान इतकें अचूक झाल्यावर उपाय सरळ होता असें वाटेल. परंतु तसें घडलें नाहीं. मताधिकाराची आंखणी करण्यासाठीं लॉर्ड साउथबरो यांच्या अध्यक्षतेखालीं जी समिति नेमली गेली, तिनें १९१९ त असा अभिप्राय दिला कीं, मध्यवर्ति असेंब्लीचे सभासद प्रांतिक कौन्सिलांनींच निवडावेत. देश अफाट आहे, मतदारसंघ जिल्ह्याजिल्ह्यांचे होतील, उमेदवारास मतदार भेटणार कसे, अशी तिची विचारसरणी होती.

याच समितीपुढें २७ जानेवारी १९१९ रोजीं मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजांतील एका तरुण प्राध्यापकाची साक्ष झाली. ते प्राध्यापक म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. अस्पृश्य वर्गांत मालमत्ता व शिक्षण अत्यल्प असल्यामुळें मालमत्तेच्या मापानें मताधिकार दिल्यास हा वर्ग अजिबात बाहेर राहील, यास्तव त्याच्यासाठीं पात्रतेची अट पुष्कळ खालीं आणावी, असें त्यांचें म्हणणें होतें. मताधिकार हा शिकलेल्या माणसास मिळणारें बक्षीस नसून तो स्वतःच एक शिक्षण आहे, हा विचार त्यांच्या निवेदनाच्या मुळाशीं होता.

विलायतेंत पार्लमेंटच्या संयुक्त समितीनें मात्र साउथबरो समितीची अप्रत्यक्ष निवडणुकीची शिफारस नाकारली आणि असेंब्लीसाठीं प्रत्यक्ष निवडणूकच असली पाहिजे असें ठरविलें. येणेंप्रमाणें १९२० च्या अखेरीस हिंदुस्थानच्या मध्यवर्ति कायदेमंडळासाठीं मतदारांनीं प्रथमच मोठ्या प्रमाणावर थेट मतें दिलीं. असेंब्लींत १४५ सभासद होते. त्यांतील १०४ निवडलेले व ४१ नेमलेले. मध्यस्थ गेला, परंतु दार फारच अरुंद राहिलें. ठराविक शेतसारा किंवा प्राप्तिकर भरणाऱ्यांसच मत होतें. त्या पहिल्या निवडणुकींत स्त्रियांस तें नव्हतें. आणि २४ कोटींवर लोकवस्तीच्या ब्रिटिश हिंदुस्थानांत असेंब्लीचे मतदार अवघे सुमारे ९ लाख होते. जातवार मतदारसंघहि कायम राहिले. शिवाय असहकारितेच्या चळवळीमुळें राष्ट्रीय सभेनें त्या निवडणुकीवर बहिष्कार घातला होता.

तरीहि थेट मताचा गुण लवकरच दिसूं लागला. १९२३ च्या निवडणुकींत चित्तरंजन दास व मोतीलाल नेहरू यांचा स्वराज्य पक्ष असेंब्लींत शिरला, आणि १९२४ त सरकारचें करविषयक बिल फेटाळलें गेलें. १९२५ त असेंब्लीनें विठ्ठलभाई पटेल यांस आपला अध्यक्ष निवडलें. १९२८ त सार्वजनिक सुरक्षिततेच्या बिलावर दोन्ही बाजूंस समान मतें पडलीं, तेव्हां विठ्ठलभाईंनीं आपलें निर्णायक मत बिलाविरुद्ध दिलें. सरकार हे निकाल गव्हर्नर-जनरलच्या खास अधिकारानें व वटहुकुमांनीं फिरवीत असे हें खरें. पण नेमलेल्या सभासदांच्या जुन्या कौन्सिलांत असा प्रसंगच उद्भवत नसे. आतां निदान सरकारला लोकमत डावलल्याचें उघडपणें दाखवावें लागत होतें.

यापुढील पाऊल पुढेंच पडेल असा कोणाचाहि समज झाला असता. पण १९३५ चा कायदा उलट दिशेनें गेला. १९३० त सायमन कमिशननें आपल्या अहवालांत मध्यवर्ति सभेची निवड पुन्हां प्रांतिक कौन्सिलांकडे द्यावी अशी शिफारस केली. १९३३ च्या श्वेतपत्रिकेंत प्रत्यक्ष निवडणूक राखली होती, पण पार्लमेंटच्या संयुक्त समितीनें १९३४ त तीहि काढून टाकली. या वेळचा युक्तिवाद असा कीं, मतदार जसजसे वाढतील तसतसे मतदारसंघ हाताबाहेर जातील; म्हणून मतदार वाढवावयाचे तर मध्यस्थ हवा. अखेर १९३५ च्या कायद्यांत जी योजना आली ती विलक्षणच होती. संघराज्याच्या कनिष्ठ सभेंतील ब्रिटिश हिंदुस्थानच्या २५० जागा प्रांतिक असेंब्ल्यांनीं भरावयाच्या. संस्थानांच्या १२५ जागा संस्थानिकांनीं नेमणुकीनें भरावयाच्या. आणि मूठभर मतदारांच्या वरिष्ठ सभेस मात्र बहुतेक प्रत्यक्ष निवडणूक! जगांत सर्वत्र कनिष्ठ सभा लोकांच्या जवळची व वरिष्ठ सभा दूरची असते. येथें नेमकें उलट होतें. संस्थानिक संघराज्यांत सामील न झाल्यामुळें व पुढें महायुद्ध सुरू झाल्यामुळें हा भाग अंमलांत आला नाहीं, आणि १९१९ च्या कायद्याची असेंब्लीच १९४७ पर्यंत चालू राहिली.

अप्रत्यक्ष निवडणुकीचा पुरस्कार केवळ परकी राज्यकर्तेच करीत होते असें मात्र म्हणतां येणार नाहीं. १९३१ त गोलमेज परिषदेंत महात्मा गांधींनीं प्रत्येक प्रौढास मत असावें, पण तें गांवापुरतें असावें व गांवांनीं निवडलेल्या माणसांनीं पुढील सभा निवडाव्यात, असा विचार मांडला होता. आपल्या गांवचा भला-बुरा मनुष्य शेतकरी ओळखतो, दिल्लीच्या उमेदवारास तो ओळखत नाहीं, हें त्यामागील तत्त्व. या म्हणण्यांत तथ्य होतें. पण त्यास एक दुसरी बाजूहि होती. ज्या गांवांत एका वाड्याचा किंवा एका जातीचा शब्द चालतो, तेथें गांवाचा मनुष्य कोण ठरविणार? दुर्बळाचें मत त्या उंबरठ्यावरच अडणार. १९२८ त मोतीलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखालील समितीनें कनिष्ठ सभेसाठीं प्रौढ मतदान व प्रत्यक्ष निवडणूक या दोन्ही गोष्टी एकत्र मागितल्या होत्या. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत सायमन कमिशनपुढें पुण्यास साक्ष देतांना डॉ. आंबेडकरांनींहि प्रौढ मताधिकाराची मागणी केली. ज्यांच्याजवळ दुसरें कोणतेंच बळ नाहीं त्यांस मताची गरज सर्वांत अधिक, असा त्यांचा पक्ष होता.

दैवयोग असा कीं, हा प्रश्न कायमचा सोडविणारी घटनासमितीच अप्रत्यक्ष रीतीनें निवडली गेली. १९४६ च्या जुलैमध्यें प्रांतिक असेंब्ल्यांनीं, दहा लाख वस्तीस साधारण एक जागा या प्रमाणानें, तिचे सभासद निवडले. आणि त्या असेंब्ल्यांस मत देणारेहि १९३५ च्या कायद्याखालील मर्यादित मतदार होते. तेव्हां डॉ. आंबेडकर बंगालमधून आले; फाळणीनें तें स्थान गेल्यावर १९४७ त मुंबईच्या असेंब्लीनें त्यांस निवडलें. घटनासमितीच्या या सभासदांनीं स्वतः मध्यस्थांच्या मतांवर निवडून येऊन पुढील कायदेमंडळासाठीं मध्यस्थ नको असें ठरविलें, ही गोष्ट त्यांस भूषणावह आहे.

हा निर्णय शंकेवांचून झाला नाहीं. १९४८ च्या मे महिन्यांत अध्यक्ष डॉ. राजेंद्रप्रसाद यांनीं घटनाविषयक सल्लागार बेनेगल नरसिंग राव यांस पत्र लिहून, गांव हा पाया धरून वरच्या निवडणुका गांवच्या प्रतिनिधींकडून कराव्यात असें सुचविलें. कनिष्ठ सभेसाठीं प्रत्यक्ष निवडणूक व प्रौढ मतदान हीं समितीनें आधींच स्वीकारलीं आहेत, याकडे रावांनीं त्यांचें लक्ष वेधलें. १६ जून १९४९ रोजीं प्रौढ मताधिकाराचें कलम मंजूर झालें. तेंच राज्यघटनेचें ३२६ वें कलम. लोकसभेचे सभासद मतदारांनीं प्रत्यक्ष निवडावेत, आणि साडेसात लाख वस्तीमागें एकाहून कमी व पांच लाखांमागें एकाहून अधिक सभासद नसावा, असें घटनेच्या मूळ ८१ व्या कलमानें ठरविलें. त्या वेळीं देशांत साक्षरांचें प्रमाण किती होतें? १९५१ च्या जनगणनेप्रमाणें शेंकडा १८. ज्या कारणासाठीं पूर्वींच्या समित्यांनीं मध्यस्थ हवा म्हटलें, तें कारण जसेंच्या तसें उभें होतें. फक्त त्यावरून काढलेला निष्कर्ष बदलला. मत आणि मतदार या दोन्ही प्रश्नांचीं उत्तरें येथें प्रथमच एकत्र आलीं. १९२० त मत थेट होतें, पण थोड्यांचें होतें; १९३५ च्या योजनेंत मतदार वाढले, पण मत अडलें. १९५० त मत थेटहि झालें आणि सर्वांचेंहि.

कागदावरील कलम प्रत्यक्षांत आणणें हें काम लहान नव्हतें. घटना पुरी होण्यापूर्वींच, १९४८ पासून मतदारांच्या याद्यांचें काम सुरू झालें होतें. फाळणीनें घरदार सोडून आलेल्या निर्वासितांस राहण्याच्या मुदतीचा पुरावा देतां येईना, तेव्हां येथेंच राहण्याचा इरादा त्यांनीं लिहून दिल्यास त्यांचीं नांवें घेण्याची सवलत करण्यांत आली. उत्तरेकडील प्रांतांत निराळीच अडचण निघाली. पुष्कळ स्त्रिया परक्यास स्वतःचें नांव सांगेनात; अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढेंच सांगत. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनीं अशा नोंदी चालणार नाहींत असें ठरविलें, आणि नांव न मिळाल्यामुळें सुमारे २८ लाख स्त्रियांच्या नोंदी गाळाव्या लागल्या. निर्णय कठोर होता. पण त्यामागील तत्त्व ध्यानांत घेण्यासारखें आहे : मत हें कुटुंबाचें नव्हे, नवऱ्याचें नव्हे, तें त्या व्यक्तीचें आहे. बाईच्या आणि मतपेटीच्या मध्येंहि कोणी मध्यस्थ नको होता.

निरक्षर मतदारासाठीं प्रत्येक पक्षास चिन्ह देण्यांत आलें. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी; तिच्यावर त्याचें चिन्ह; मतदारानें लिहावयाचें कांहीं नाहीं, आपली मतपत्रिका हव्या त्या पेटींत टाकावयाची. मुंबईजवळ विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यांत अशा लक्षावधि पोलादी पेट्या तयार झाल्या. २५ ऑक्टोबर १९५१ रोजीं हिमाचल प्रदेशांतील चिनी व पांगी या तहसिलींत, हिमवर्षावानें वाटा बंद होण्यापूर्वीं, पहिलें मतदान झालें. देशाच्या बहुतेक भागांत तें १९५२ च्या जानेवारी-फेब्रुवारींत पार पडलें. शेंकडा सुमारे ४५ मतदारांनीं मतें दिलीं. देश अफाट आहे म्हणून प्रत्यक्ष निवडणूक अशक्य, हें साउथबरो समितीपासूनचें म्हणणें त्या चार महिन्यांत निकालांत निघालें.

या निवडणुकीचा एक निकाल मुंबईकरांस चांगला आठवण्यासारखा आहे. मुंबई उत्तर हा दोन जागांचा मतदारसंघ होता आणि त्यांतील राखीव जागेसाठीं डॉ. आंबेडकर उभे होते. मालमत्तेची अट खालीं आणा म्हणून १९१९ त साक्ष देणारे, प्रौढ मताधिकार मागणारे आणि घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष असलेले हे थोर पुरुष काँग्रेसचे नारायणराव काजरोळकर यांच्याकडून सुमारे १४ हजार मतांनीं पराभूत झाले. पुढें ते राज्यसभेंत गेले, तें मुंबई विधानसभेच्या मतांनीं, म्हणजे अप्रत्यक्ष निवडणुकीनें. १९५४ त भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकींतहि त्यांस अपयश आलें. विद्वानांची निवड विद्वानांनींच करावी, सामान्य मतदार थोर माणसांस ओळखत नाहीं, असें म्हणणाऱ्यांस यासारखें दुसरें उदाहरण मिळणार नाहीं. परंतु प्रत्यक्ष निवडणुकीचा अर्थच हा आहे कीं, ज्यानें मत मिळवून दिलें त्यासहि तें मागूनच घ्यावें लागतें; तें कोणास आधींपासून देणें असत नाहीं. गोखल्यांच्या बिलाविरुद्ध मत देणाऱ्यांस शेतकरी हात लावूं शकत नव्हता. १९५२ च्या मतदाराचा हात मात्र सर्वांपर्यंत पोंचत होता, आणि प्रसंगीं तो चुकूंहि शकत होता.

राज्यसभेच्या निवडलेल्या जागा आजहि राज्यांच्या विधानसभांतील निवडलेले सभासद भरतात. राज्यांचें प्रतिनिधित्व हा तिचा हेतु असल्यामुळें घटनेनें तेथें जुनी पायरी राखली आहे. लोकसभेच्या बाबतींत मात्र मताधिकाराची मर्यादा पुढें अधिकच विस्तारली. १९८९ त ६१ व्या घटनादुरुस्तीनें मतदाराचें वय एकवीसावरून अठरा वर्षांवर आलें. दिनकरराव राजवाड्यांस कलकत्त्यास बसविणारा एकच मनुष्य होता आणि ते त्या एकासच जबाबदार होते. आजच्या लोकसभेच्या सभासदास बसविणारे लाखों आहेत. मध्यस्थ निघून गेल्यामुळें प्रतिनिधीस जसा आडोसा उरलेला नाहीं, तसा मतदारासहि उरलेला नाहीं. दिल्लीस पाठविलेला मनुष्य बरा निघो वा वाईट निघो, त्याला पाठविण्याचें काम दुसऱ्या कोणीं केलें असें त्याला आतां म्हणतां येत नाहीं.